तरुण वयातील फुप्फुसाचा कर्करोग

फुप्फुसाचा कर्करोग हा उतारवयातला आजार समजला जातो आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते खरेही आहे. अमेरिकेत या रोगाचे निदान होते त्या वेळी रुग्णाचे वय साधारणपणे सत्तरीच्या घरात असते. भारतात ते त्याहून सुमारे दहा वर्षांनी कमी भरते. जगात कर्करोगामुळे जे मृत्यू होतात, त्यांत सर्वांत मोठा वाटा याच रोगाचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २५ लाख लोकांना तो नव्याने झाला आणि सुमारे १८ लाख लोक त्याने दगावले. त्याच वर्षी भारतातील नव्या रुग्णांचा अंदाज ८१ हजारांवर आणि मृत्यूंचा ७५ हजारांच्या आसपास होता. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, कारण हा रोग बहुतेक वेळा उशिरा सापडतो.

या रुग्णांत चाळिशीच्या आतले थोडेच असतात. पण त्यांचा आजार म्हणजे वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या माणसाला साठीत होणारा आजार लवकर झाला, असे म्हणता येत नाही. पेशींचा प्रकार, रोगामागची जनुकीय कारणे, तो पसरण्याची पद्धत आणि त्यावर लागू पडणारी औषधे या सर्वच बाबतींत तरुणांमधला फुप्फुसाचा कर्करोग बराच वेगळा आहे. तो दुर्मीळ असल्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही मनात त्याची शंका लवकर येत नाही. दुसरीकडे, त्याच्यावर नेमका घाव घालणाऱ्या गोळ्या गेल्या वीस वर्षांत हाती आल्या आहेत. म्हणूनच तो वेळेत ओळखणे आणि त्याची पूर्ण तपासणी करणे, या दोन गोष्टींवर बरेच काही अवलंबून असते.

कोणाला ‘तरुण रुग्ण’ म्हणतात?

यासाठी वयाची एकच ठरलेली रेघ नाही. काही अभ्यासांत ती चाळिशीवर आखलेली असते, काहींत पंचेचाळिशीवर, तर काहींत पन्नाशीवर. चाळिशीच्या आतल्यांचा वाटा पाश्चात्त्य देशांत एकूण रुग्णांच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो. भारतातील मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत तो त्याहून जास्त दिसतो. भारताची लोकसंख्याच तुलनेने तरुण आहे, हे त्यामागचे एक कारण आहे.

रेघ कुठेही ओढली तरी जगभरच्या अभ्यासांतून उमटणारे चित्र मात्र बरेच सारखे आहे. वयस्कर रुग्णांत पुरुष जास्त असतात. तरुण रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण वाढलेले दिसते, काही ठिकाणी तर ते पुरुषांच्या बरोबरीला येते किंवा त्याही पुढे जाते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर जन्मलेल्या गोऱ्या आणि हिस्पॅनिक पिढ्यांत तरुण स्त्रियांमधील या रोगाचे प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त झाले आहे. या स्त्रिया पुरुषांहून अधिक सिगारेट ओढत नव्हत्या, त्यामुळे केवळ धूम्रपानाने हा फरक समजावून सांगता आला नाही.

दुसरी ठळक बाब म्हणजे तरुण रुग्णांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी धूम्रपानच केलेले नसते. वैद्यकीय अभ्यासांत ज्याने जन्मात शंभरापेक्षा कमी सिगारेटी ओढल्या, त्याला धूम्रपान न करणारा मानतात. भारतात तर हे प्रमाण सर्वच वयोगटांत लक्षणीय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ४८९ रुग्णांच्या एका पाहणीत निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. ही पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली.

पेशींचा प्रकार

सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन मोठे गट दिसतात. लहान पेशींचा, म्हणजे ‘स्मॉल सेल’ प्रकार झपाट्याने वाढतो आणि त्याचे धूम्रपानाशी अगदी घट्ट नाते आहे. उरलेल्या सर्वांना मिळून ‘नॉन-स्मॉल सेल’ म्हणतात आणि बहुतांश रुग्ण याच गटात मोडतात. त्यात पुन्हा दोन मुख्य उपप्रकार आहेत. मोठ्या श्वासनलिकांच्या अस्तरात सुरू होणारा ‘स्क्वॅमस’ प्रकारही धूम्रपानाशी जोडलेला आहे. ‘ॲडेनोकार्सिनोमा’ हा श्लेष्म स्रवणाऱ्या ग्रंथींच्या आणि वायुकोशांलगतच्या पेशींतून उगवतो आणि बहुधा फुप्फुसाच्या बाहेरच्या भागात वाढतो.

तरुण रुग्णांत या ॲडेनोकार्सिनोमाचेच वर्चस्व असते आणि तो जिथे वाढतो त्या जागेमुळेच पुढची अडचण होते. मोठ्या श्वासनलिकेतली गाठ लवकर खोकला आणते, तिच्यातून रक्त पडते, श्वासाला अडथळा होतो. कडेला वाढणारी गाठ मात्र असे काही करत नाही. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. दुखते ते त्याच्या भोवतीचे आवरण. त्यामुळे गाठ त्या आवरणापर्यंत पोचेपर्यंत किंवा शरीरात दुसरीकडे पसरेपर्यंत माणूस धडधाकट वावरत राहतो. तरुणाच्या निरोगी फुप्फुसांत क्षमताही भरपूर शिल्लक असते. त्यातला काही भाग निकामी झाला तरी जिना चढताना धाप लागत नाही.

अगदी कमी वयात, म्हणजे मुलांत आणि किशोरवयात, फुप्फुसात सुरू होणाऱ्या कर्करोगांत ‘कार्सिनॉइड’ नावाची गाठ जास्त आढळते. ती सावकाश वाढते आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेने बरी होते. याउलट ‘नट कार्सिनोमा’ हा अतिशय दुर्मीळ प्रकारही तरुणांत होतो आणि तो फार वेगाने पसरतो.

जनुकांतला एक बिघाड

वर्षानुवर्षे धूम्रपान केलेल्या माणसाच्या गाठीतल्या पेशी तपासल्या तर त्यांच्या डीएनएमध्ये हजारो ठिकाणी इजा झालेली सापडते. धूम्रपान न केलेल्या तरुणाच्या गाठीत अशा इजा खूप कमी असतात. तिथे बहुधा एकच बिघडलेले जनुक गाठीची वाढ चालवत असते. पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारे बटण एकदा दाबले जाऊन तसेच अडकून बसावे, तसा हा प्रकार आहे.

यांतले सर्वांत परिचित जनुक ‘ईजीएफआर’. त्यातील बदल २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी शोधून काढले. पाश्चात्त्य देशांत ॲडेनोकार्सिनोमाच्या साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत ते सापडतात, पूर्व आशियात जवळजवळ निम्म्या रुग्णांत, तर भारतात साधारण पाव किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत. दुसरे जनुक ‘एएलके’. गुणसूत्र क्रमांक २ वर एएलके आणि ईएमएल-४ अशी दोन जनुके एकमेकांपासून थोड्या अंतरावर असतात. त्यांच्यामधला तुकडा तुटून उलटा बसला की दोन्ही जनुके एकमेकांना जोडली जातात आणि एरवी फुप्फुसात गप्प असलेले एएलके कायमचे जागे होते. जपानचे हिरोयुकी मानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा जोड दाखवून दिला. सर्व नॉन-स्मॉल सेल रुग्णांत तो जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास आढळतो, पण तरुणांत त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. ‘आरओएस-१’, ‘आरईटी’ आणि ‘एचईआर-२’ या जनुकांतले बदलही याच गटात येतात. धूम्रपानाशी जास्त संबंध असलेले ‘केआरएएस’ जनुकातले बदल मात्र तरुणांत कमी दिसतात.

बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेने २००२ ते २०१४ या काळातील २,२३७ रुग्णांची माहिती पडताळून २०१६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत तरुण वयाचा आणि औषध उपलब्ध असलेल्या जनुकीय बिघाडांचा संबंध स्पष्ट दिसला. त्याच अभ्यासात एक काळजीची गोष्टही पुढे आली: चाळिशीच्या आतल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी, सत्तरी ओलांडलेल्यांच्या जवळपास जाणारे होते. तरुण शरीर कणखर असते म्हणून रोगही सौम्य असेल, हा समज त्यामुळे टिकत नाही.

धोका कशाने वाढतो?

तरुणांतही सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण तंबाखूचा धूर हेच आहे. या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगकारक म्हणून ओळखली गेली आहेत. विडी ‘देशी’ आणि लहान म्हणून कमी घातक ठरत नाही. तिच्या धुरातही टार आणि निकोटिन भरपूर असते. व्यसन कोणत्या वयात लागले यालाही महत्त्व आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरुवात केलेल्याची तिशी येईपर्यंत पंधरा वर्षे धुरात गेलेली असतात. हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून निर्धोक होत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घातली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ई-सिगारेटवर देशभर बंदी आणली.

दुसऱ्याने सोडलेला धूरही सुरक्षित नाही. घरात किंवा कामाच्या ठिकाणी सतत तो घेणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या व्यक्तीचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो.

चुलीचा धूर हे भारतातल्या स्त्रियांच्या संदर्भात महत्त्वाचे कारण आहे. घरात कोळसा जाळल्याने निघणारा धूर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारकांत घातला आहे, तर लाकूड आणि इतर जैविक इंधनाचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात आहे. चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई येथील अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तिथल्या स्त्रिया क्वचितच धूम्रपान करत, तरीही त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण विलक्षण जास्त होते. घरात धुराडे नसलेल्या आगटीवर, खूप धूर देणारा दगडी कोळसा जाळून त्या स्वयंपाक करत. पुढे ज्या घरांत धुराडे बसले, तिथे काही वर्षांनी या रोगाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. लहानपणापासून आईशेजारी चुलीजवळ बसलेल्या मुलीच्या फुप्फुसांत हा धूर किती आधीपासून जात असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

बाहेरच्या हवेचा विचारही वेगळा करता येत नाही. २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये एकूणच बाहेरचे वायुप्रदूषण निश्चित कर्करोगकारक म्हणून जाहीर झाले. यातला मुख्य गुन्हेगार म्हणजे पीएम २.५, अर्थात अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. त्यापुढे हे कण इतके बारीक असतात की नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत आणि ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. भारताचे अधिकृत मानक ४० आहे.

धूम्रपान न करणाऱ्याला या कणांमुळे कर्करोग कसा होतो, याचा धागा लंडनचे चार्ल्स स्वॉन्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘नेचर’मधील संशोधनातून पुढे आणला. निरोगी दिसणाऱ्या फुप्फुसांच्या नमुन्यांत त्यांना ईजीएफआर आणि केआरएएस या जनुकांतले बदल आधीपासूनच आढळले: ईजीएफआरचे १८ टक्के नमुन्यांत, केआरएएसचे ५३ टक्के नमुन्यांत. वयाबरोबर असे बदल आपोआप साचतात आणि बहुतेक वेळा त्या पेशी काहीही न करता पडून राहतात. प्रदूषित कण आत गेले की फुप्फुसात दाह होतो, ‘इंटरल्युकिन-१ बीटा’ हा संदेशवाहक रेणू स्रवतो आणि झोपलेल्या पेशी जागृत होऊन वाढू लागतात. म्हणजे प्रदूषणाला नवा बिघाड निर्माण करण्याची गरज नसते. आधीच पडलेल्या ठिणगीला ते फुंकर घालते.

कामाच्या ठिकाणची कारणेही आहेत: ॲस्बेस्टॉस, दगडखाणीतली आणि दगडफोडीतली सिलिकाची धूळ, आर्सेनिक, वेल्डिंगचा धूर. या पदार्थांशी संबंध आल्यापासून रोग होईपर्यंत बहुधा दशके जातात. त्यामुळे त्यांचा परिणाम जास्त करून उतारवयात दिसतो, पण बालवयात किंवा किशोरवयात अशा कामावर लागलेल्यांचा काळ लवकर भरतो. काही प्रदेशांत जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायूही धोका वाढवतो. अमेरिकेत धूम्रपानाखालोखाल त्याचाच क्रम लावला जातो.

आनुवंशिकता हा तरुण रुग्णांच्या बाबतीत आवर्जून पाहण्याचा मुद्दा आहे. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला फुप्फुसाचा कर्करोग झालेला असेल, तर धोका साधारण दीड ते दोन पट होतो. ज्या जनुकीय बदलांची चर्चा वर झाली, ते बहुतेक गाठीपुरतेच असतात आणि मुलाबाळांत उतरत नाहीत. मोजक्या कुटुंबांत मात्र जन्मतःच मिळालेला दोष कारणीभूत असतो. ‘टीपी-५३’ जनुकातील दोषामुळे होणाऱ्या ली-फ्रॉमेनी विकारात लहान वयातच अनेक प्रकारचे कर्करोग होतात आणि त्यांत फुप्फुसाचाही असू शकतो. ईजीएफआर जनुकातला ‘टी-७९०एम’ हा बदल क्वचित पिढीजात आढळतो. घरात कमी वयात कर्करोगाचे एकाहून जास्त रुग्ण असतील, तर जनुकीय सल्लागाराकडे जाणे शहाणपणाचे ठरते.

याखेरीज लहान वयात हॉजकिन लिम्फोमासारख्या रोगासाठी छातीला रेडिएशन दिले गेले असेल, एचआयव्हीचा संसर्ग असेल किंवा क्षयाने फुप्फुसात व्रण राहिले असतील, तरी धोका वाढतो. स्त्रियांमधील प्रमाण पाहता इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या भूमिकेवरही संशोधन सुरू आहे. आणि अनेक तरुण रुग्णांत यांपैकी एकही कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. अशा वेळी रुग्णाने स्वतःला किंवा घरच्यांनी त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

लक्षणे

तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला हे सर्वांत सामान्य लक्षण आहे. बेडक्यात रक्ताचा धागा दिसणे, धाप लागणे, खोल श्वास घेताना छातीत किंवा खांद्यामागे दुखणे, आवाज बसलेला राहणे, कारण नसताना वजन उतरणे, फुप्फुसाच्या भोवती पाणी होणे ही इतर लक्षणे होत. तरुणांत बऱ्याचदा छातीची तक्रार नसतेच आणि रोग पसरलेल्या जागेवरून पहिली खूण मिळते: पाठीच्या मणक्यात किंवा कमरेत रात्री जागे करणारी वेदना, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, अचानक आलेली फिट, मानेत लागलेली गाठ. एएलके आणि आरओएस-१ प्रकारांत रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. त्यामुळे तिशीतल्या माणसाचा पाय एकाएकी सुजून शिरेत गुठळी सापडली आणि तिचे दुसरे कारण मिळाले नाही, तर डॉक्टर छातीकडेही लक्ष देतात.

एक खूण मात्र घरच्या घरी पाहता येते. दोन्ही हातांची तीच बोटे, उदाहरणार्थ दोन्ही तर्जन्या, पहिल्या पेरापासून नखाला नख लावून समोरासमोर टेकवावीत आणि उजेडाकडे धरावीत. निरोगी बोटांत नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. फुप्फुसाच्या काही आजारांत बोटांची टोके गदेसारखी फुगीर होतात, नखे घड्याळाच्या काचेसारखी वर उचलली जातात आणि ही फट नाहीशी होते. दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरोथ यांनी स्वतःच्या आजारपणात बोटांवर हा बदल टिपला आणि १९७६ मध्ये तो नोंदवला. हृदयाच्या, यकृताच्या आणि इतर काही आजारांतही असे होते, काहींच्या बोटांची ठेवणच तशी असते. त्यामुळे फट नसणे म्हणजे कर्करोग असा अर्थ होत नाही, पण ती नव्याने बुजली असेल तर छातीची तपासणी व्हायलाच हवी.

उशीर कुठे होतो?

तिशीतल्या रुग्णाची फाइल मागून पुढे चाळली तर उशीर कसा साचत गेला ते कागदांवरूनच कळते. सर्वांत खाली असते खोकल्याच्या औषधाची आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी. मग दुसरे अँटिबायोटिक, मग दमा समजून दिलेला पंप. त्यावर छातीचा फोटो आणि त्यात वरच्या बाजूला एक डाग. मग क्षयाच्या गोळ्या. डागाचा पुढचा फोटो दोन-तीन महिन्यांनी काढलेला असतो आणि डाग वाढलेला असतो. सीटी स्कॅन आणि बायोप्सीचे कागद अगदी वर, शेवटी येतात. रुग्णानेही मधला काही काळ काढा पीत, हवा बदलली म्हणून असेल असे म्हणत दुखणे अंगावर काढलेले असते. वर घरात लहान मूल आणि बाहेर नोकरी असते, म्हणून तपासणी पुढच्या महिन्यावर जाते.

यात क्षयाचा वाटा समजून घ्यायला हवा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश भारतात आहेत, तेव्हा तरुणाच्या फुप्फुसात डाग दिसला की डॉक्टरांना आधी क्षय आठवणे स्वाभाविक आणि योग्यच आहे. खोकला, बारीक ताप, वजन घटणे, बेडक्यात रक्त ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखी असतात. चूक होते ती जंतू न सापडताही केवळ फोटोवरून सहा महिन्यांचे उपचार सुरू करून स्वस्थ बसण्यात. बेडक्याची सीबीनॅट तपासणी क्षयाच्या जंतूंचा छडा काही तासांत लावते. ती नकारार्थी आली आणि काही आठवड्यांच्या औषधांनंतरही डाग कमी झाला नाही, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सी लांबणीवर टाकण्यासारखी नसते.

निदानाच्या पायऱ्या

छातीच्या साध्या फोटोत लहान गाठ सुटू शकते; हृदयाच्या किंवा बरगडीच्या सावलीमागे ती दडते. सीटी स्कॅनमध्ये तिची जागा आणि आकार स्पष्ट कळतो. त्यानंतर गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. गाठ कडेला असेल तर सीटीच्या मदतीने बाहेरून सुई घालून, मध्यभागी असेल तर ब्रॉन्कोस्कोपीने आतून. फुप्फुसाभोवती पाणी झाले असेल तर त्यातल्या पेशीही उपयोगी पडतात. ‘बायोप्सी केली की रोग भडकतो’ ही भीती अजून घराघरांत आहे आणि तिच्यापायी मौल्यवान आठवडे वाया जातात. ती निराधार आहे. रोगाचा प्रकार कळल्याशिवाय योग्य औषध निवडता येत नाही. रोग किती पसरला आहे हे पाहण्यासाठी पेट स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय करतात.

तरुण रुग्णात निदान इथे पूर्ण होत नाही. ‘ॲडेनोकार्सिनोमा’ एवढाच अहवाल हाती आला, तर अर्धेच काम झालेले असते. त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ आणि शक्य तर इतर जनुकांची चाचणी व्हायला हवी. ‘नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग’ या पद्धतीने अनेक जनुके एकाच वेळी वाचता येतात. तुकडा अपुरा असेल तर रक्तात मिसळलेल्या गाठीच्या डीएनएवरूनही काही बदल ओळखता येतात. अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि तो काळ घरच्यांना फार जड जातो. पण प्रकृती तातडीची नसेल तर तेवढे थांबणे बहुधा फायद्याचे ठरते.

उपचार

रोग एकाच जागी असेल तर शस्त्रक्रिया करून फुप्फुसाचा तो खंड काढून टाकतात. पहिल्या टप्प्यात असे उपचार झालेल्यांपैकी बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तरुण रुग्ण मोठी शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन वयस्करांपेक्षा चांगले सोसतो. अडचण एवढीच की त्यांच्यातले बरेचसे रोग पसरल्यानंतर, चौथ्या टप्प्यात, डॉक्टरांपर्यंत पोचतात.

पसरलेल्या रोगात जनुकीय बिघाड सापडला तर चित्र पालटते. ईजीएफआरसाठी गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब आणि एएलकेसाठी क्रिझोटिनिब, अलेक्टिनिब, लॉर्लाटिनिब अशी तोंडाने घ्यायची औषधे आहेत. एएलकेचा शोध लागला २००७ मध्ये आणि त्यावरचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले २०११ मध्ये. कर्करोगाच्या इतिहासात इतका कमी अवधी विरळाच. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत लॉर्लाटिनिबने उपचार सुरू केलेल्या एएलके रुग्णांपैकी ६० टक्क्यांचा रोग पाच वर्षांनंतरही पुढे सरकलेला नव्हता. जुन्या क्रिझोटिनिबच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. मेंदूत पसरलेल्या रोगावरही नवी औषधे परिणाम करतात आणि तरुणांच्या बाबतीत ते फार महत्त्वाचे आहे, कारण एएलके प्रकार मेंदूकडे वारंवार जातो. ही औषधे रोग समूळ घालवत नाहीत. गाठीच्या पेशी काळानुरूप त्यांना दाद देईनाशा होतात, मग पुन्हा चाचणी करून औषध बदलावे लागते. पण जिथे काही महिन्यांची मुदत सांगितली जाई, तिथे आज अनेक रुग्ण वर्षानुवर्षे कामावर जातात, मुले वाढवतात.

रोगप्रतिकारशक्ती जागवणारी इम्युनोथेरपी मात्र ईजीएफआर आणि एएलके असलेल्या गाठींवर फारशी चालत नाही. ती आधी सुरू केली आणि मागाहून जनुकीय बिघाडावरच्या गोळ्या दिल्या तर काही वेळा गंभीर दुष्परिणामही होतात. जनुकांचा अहवाल येण्यापूर्वी घाई न करण्याचे हे आणखी एक कारण.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. गेफिटिनिबसारखी जुनी औषधे जेनेरिक स्वरूपात परवडण्याजोगी झाली आहेत. नवी अजूनही महाग आहेत. जुलै २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबसह तीन कर्करोग-औषधांवरील आयातशुल्क माफ करण्यात आले. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाचे अनेक उपचार होतात. त्यात नेमके काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी केल्यावर कळते.

तरुण वयाचे वेगळे प्रश्न

साठीतल्या रुग्णापुढे न येणारे प्रश्न तिशीतल्या रुग्णापुढे येतात. केमोथेरपीने प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून उपचारांआधीच वीर्य किंवा स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याबद्दल बोलणे आवश्यक असते. जनुकीय बिघाडावरच्या गोळ्या गर्भाला घातक ठरू शकतात, त्यामुळे त्या चालू असताना गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात. घराचा हप्ता, लहान मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडील यांचा भार याच वयात असतो. त्यात ‘सिगारेट ओढत होतास का?’ हा प्रश्न प्रत्येक भेटायला येणारा विचारतो. न ओढणाऱ्याला तो टोचतो आणि ओढणाऱ्याला अपराधी करतो. दोघांनाही त्या वेळी गरज असते आधाराची.

खबरदारी आणि तपासणी

धूम्रपान सोडण्याचा फायदा कोणत्याही वयात होतो. सोडल्यानंतर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतो. तिशीत सोडणाऱ्याचे गेलेले बरेचसे आयुष्य त्याला परत मिळते. स्वयंपाकघरातला धूर बाहेर जाईल अशी सोय, शक्य तिथे गॅस, घरात कुणालाही ओढू न देणे, धुळीच्या कामावर योग्य मास्क हे उपाय माणसाच्या हातातले आहेत. शहराची हवा सुधारणे मात्र एकट्यादुकट्याच्या हातात नाही. ते काम सरकारचे आणि नगरपालिकांचे आहे आणि नागरिकांनी ते मागून घ्यायला हवे.

कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने नियमित तपासणी केल्यास जास्त धोक्याच्या गटातील या रोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने २०११ मध्ये दाखवले. सध्या तिथे ५० ते ८० या वयातील आणि किमान २० पॅक-वर्षे धूम्रपान केलेल्यांना ती सुचवली जाते. रोज २० सिगारेटींचे एक पाकीट असे वर्षभर ओढले तर ते एक पॅक-वर्ष. तैवानने २०२२ पासून कुटुंबात हा रोग असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींनाही अशा तपासणीत घेतले आहे, पण तीही मध्यमवयापासून पुढे. पस्तिशीतली, कधीही न ओढलेली व्यक्ती या कोणत्याच चौकटीत बसत नाही. सरसकट सर्व तरुणांचे स्कॅन करणेही योग्य नाही. रोग इतका विरळ आहे की त्यातून निष्कारण रेडिएशन, निरुपद्रवी डागांची धास्ती आणि नको त्या शस्त्रक्रियाच वाढतील.

त्यामुळे तरुणांसाठी तपासणीची जागा लक्षणांवरील सावधपणानेच भरून काढावी लागते. तीन आठवडे न गेलेल्या खोकल्यासाठी छातीचा फोटो. बेडक्यात एकदाही रक्त दिसले तर लगेच डॉक्टर. डाग असेल तर बेडक्याची तपासणी. औषधांनी डाग हटला नाही तर सीटी आणि बायोप्सी. कर्करोग निघाला तर जनुकीय चाचणी. यातली कोणतीही पायरी जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या ठिकाणी आज दुर्लभ नाही. ‘या वयात कसा होईल’ आणि ‘कधी सिगारेट ओढली नाही, मग कसा होईल’ ही दोन वाक्ये मध्ये आली नाहीत, तर या पायऱ्या काही आठवड्यांत चढून होतात.